कळंबपासून समुद्र किती लांब?

कळंबचा अक्षांश १८.५७ अंश उत्तर, अलिबागचा १८.६४. फरक ०.०७ अंशाचा, म्हणजे उत्तर-दक्षिण मोजला तर जेमतेम आठ किलोमीटरचा. कळंबच्या मोंढ्यातून नाकासमोर पश्चिमेला निघाले तर सरळ रेषेत सुमारे ३३० किलोमीटरवर अलिबागचा किनारा लागतो. दोन्ही गावांत दिवस सारखाच मोठा आणि रात्र सारखीच लहान. डिसेंबरच्या शेवटी ११ तासांचा दिवस, जूनच्या शेवटी सव्वातेरा तासांचा. मे महिन्यात १४ तारखेच्या आसपास भरदुपारी दोन्हीकडे सावली पायाखाली नाहीशी होते. रेखांशाचा एक अंश म्हणजे चार मिनिटे, त्या हिशेबाने कळंबला सूर्य अलिबागच्या १२-१३ मिनिटे आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. बाकी सूर्याच्या वागण्यात काहीही फरक नाही.

तरीही मे महिन्यात आपल्या भागातला माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही आणि किनाऱ्यावरचा माणूस त्याच वेळी बागेत आंबे उतरवत असतो. सोलापूरचे मे महिन्यातले सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास असते, कळंबचे फार वेगळे नाही. रत्नागिरीचे असते ३२-३३. जानेवारीतल्या पहाटे सोलापूर १६ अंशांपर्यंत उतरते, रत्नागिरी १९ च्या आसपास थांबते. थंडीतली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांच्यात आपल्याकडे २४ अंशांचे अंतर पडते, तिकडे १४ अंशांचे. याचे कारण समुद्र: पाणी तापवायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा चार-पाच पट उष्णता लागते, आणि निवायलाही तितकाच वेळ जातो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारे खारे वारे आणि रात्री उलट वाहणारे मतलई वारे आपण शाळेच्या भूगोलात पाठ केले. ते अंगावर घेतलेली माणसे मात्र कळंब तालुक्यात फार थोडी भेटतात. त्यांनी ते घ्यावेत, आणि योग्य महिन्यात, योग्य वेळी घ्यावेत, म्हणून हा आकड्यांचा प्रपंच.

अंतराने जवळ अलिबाग असले तरी मी रत्नागिरीचा हिशेब मांडतो. कारण रस्ता. रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्ग आपल्याच धाराशिव जिल्ह्यातून, तुळजापूरवरून जातो. पुढे सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट आणि थेट रत्नागिरी. कळंबहून तुळजापूरमार्गे हे अंतर ४९० किलोमीटरच्या आसपास भरते. येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला असे गेले तर २५-३० किलोमीटर वाचतात. गाडीने वाटेतले थांबे धरून ११ ते १२ तास. रेल्वेचा विचार करू नये. कोल्हापूर-वैभववाडी हा शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरचा लोहमार्ग मंजूर होऊनही झालेला नाही. त्यामुळे बार्शी-कुर्डुवाडीकडून निघालेल्या माणसाला पुणे, पनवेल करत कोकण रेल्वे गाठावी लागते आणि अंतर सहाशेच्या वर जाते.

हे अंतर जुन्या माणसांनी तोडले नाही असे नाही. आपल्या शेजारचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे: भडोच बंदरापासून पैठण २० दिवसांवर आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. म्हणजे ३० दिवसांची वाट, आणि तीही गाड्यांवर कापड लादून. तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेई इथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची आठवण करून देते. समुद्राशी या मातीचे नाते दोन हजार वर्षांचे आहे. मधल्या काळात ते तुटले, एवढेच.

आता खर्च. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर साध्या बसचा टप्पा १० रुपये ५ पैशांचा झाला. ४८० किलोमीटर धरले तर ८० टप्पे, म्हणजे एका माणसाचे सुमारे ८०४ रुपये. पाच जणांचे कुटुंब घेऊ: नवरा, बायको, ७६ वर्षांची आजी आणि ८ व ११ वर्षांची दोन मुले. पाच पूर्ण तिकिटांचे ४,०२० झाले असते. पण ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते पूर्वीपासून आहे. म्हणून प्रत्यक्षात नवऱ्याचे ८०४, बायकोचे ४०२, मुलांचे मिळून ८०४ आणि आजीचे शून्य, एकूण २,०१० रुपये. जाऊन-येऊन ४,०२०. बस बदलावी लागली की टप्प्यांची बेरीज थोडी इकडेतिकडे होते, पण हिशेबाचा साचा हाच. आजीला घरी ठेवून पैसे वाचत नाहीत. तिला न्यावे.

या प्रवासात सगळ्यात मोलाचा आकडा पावसाचा आहे, आणि तो खिडकीतून दिसतो. रत्नागिरीला वर्षाला सरासरी ३,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एकट्या जुलैत हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्या वर्षभराच्या पावसाहून जास्त. घाटमाथ्यावर हा आकडा आणखी चढतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याला तो सहा हजारांच्या घरात जातो. माथा ओलांडला की मात्र उतरंड सुरू होते. कोल्हापूर शहराला हजाराच्या आसपास, मिरज-सांगलीला सहाशेच्या आसपास आणि सांगोला-आटपाडी-जत या पट्ट्यात पाचशेच्या आगेमागे. घाटमाथ्यापासून सांगोल्यापर्यंत दीडशे-दोनशे किलोमीटरांत पाऊस बारा हिश्शांवरून एका हिश्श्यावर येतो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि तिथेच रिते होते. डोंगराच्या पलीकडे उतरणारी हवा कोरडी असते. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच.

कळंबपर्यंत आले की आकडा पुन्हा थोडा वर सरकतो, सातशे-साडेसातशेच्या आसपास जातो. ही वाढ अरबी समुद्राची नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकतात, त्यांचा पाऊस सप्टेंबरमध्ये आपल्यापर्यंत पोहोचतो. म्हणूनच सोलापूर-धाराशिवकडे जुलैपेक्षा सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो, आणि जून-जुलै कोरडा गेला तरी शेतकरी परतीच्या पावसावर आस ठेवून असतो. सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरवर असलेल्या समुद्राचे उरलेसुरले आणि त्याहून कितीतरी लांबच्या समुद्राचे अवचित आलेले, अशा दोन पाण्यांवर आपली शेती उभी आहे.

पाणी वाहते तेही उलट दिशेला. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, कळंबजवळून जाते आणि ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. तिथून बंगालचा उपसागर. कृष्णा तर महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून ६५ किलोमीटरवर उगवून पूर्वेलाच निघते. वाटेत मिरज लागेल तेव्हा एप्रिल २०१६ आठवावा. धनेगावचे मांजरा धरण, ज्याचा उपयुक्त साठा १७७ दशलक्ष घनमीटर आहे, ते कोरडे पडले होते. मिरजहून 'जलदूत' रेल्वे ३४२ किलोमीटर धावून लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत १० वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ते पाणी कृष्णेचे होते. कृष्णेचे म्हणजे सह्याद्रीवर कोसळलेल्या पावसाचे, आणि तो पाऊस अरबी समुद्राचा. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी याच वाटेने ते आले. ज्या वाटेने आपण समुद्राकडे जातो त्याच वाटेने एका उन्हाळ्यात समुद्राचे पाणी आपल्या भागाकडे आणावे लागले, ही गोष्ट घरातल्या मुलांना मिरजेच्या स्थानकाबाहेर उभे करून सांगावी.

रत्नागिरी आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांची तुलना करून पाहावी, इतके ते कागदावर सारखे आहेत. २०११ च्या जनगणनेत धाराशिवची (तेव्हाच्या उस्मानाबादची) लोकसंख्या १६ लाख ५७ हजार, रत्नागिरीची १६ लाख १५ हजार. क्षेत्रफळ ७,५६९ आणि ८,२०८ चौरस किलोमीटर. पण २००१ ते २०११ या दहा वर्षांत धाराशिवची लोकसंख्या साडेअकरा टक्क्यांनी वाढली, रत्नागिरीची जवळपास पाच टक्क्यांनी घटली. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१२२ स्त्रिया, धाराशिवमध्ये ९२४. रत्नागिरीचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेलेले आहेत. मार्गशीर्षात कोकणातल्या वाडीतून चालताना ओळीने कुलूप लावलेली घरे दिसतात आणि त्यांच्या अंगणात पोफळी उभ्या असतात. ३,३०० मिलिमीटर पाऊस पडूनही माणसे गाव सोडतात. पावसाने सगळे प्रश्न सुटतात असे आपल्याला दुष्काळी भागात बसून वाटते, त्याला हे आकडे उत्तर देतात.

आपल्याकडचे स्थलांतर वेगळे. बालाघाटच्या पट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. त्यांतल्या कितीतरी टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतात. कोल्हापूर ते रत्नागिरी अंतर १३० किलोमीटर, तीन-साडेतीन तासांची वाट. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच किनाऱ्याचा सगळ्यात चांगला काळ: पाऊस जवळपास शून्य, आकाश निरभ्र, दुपार एकतीस ते तेहतीस अंशांची, पहाट एकोणीस ते बावीसची. वर्षानुवर्षे समुद्रापासून १३० किलोमीटरवर चार-पाच महिने राहणारी, आणि तरीही समुद्र न पाहिलेली माणसे आपल्या तालुक्यात आहेत. त्यांच्या मुलांनी हंगामात एकदा तरी किनारा पाहावा, यासाठी कारखान्यांनी एका दिवसाची बस देणे ही फार मोठी मागणी नाही.

बाकी महिन्यांचे थोडक्यात. मेमध्ये आंबा असतो. रत्नागिरीसह कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण हवेत दमटपणा इतका की ३३ अंशांत घामाने जीव नकोसा होतो. आपल्या कोरड्या चाळिशीची सवय तिथे कामाला येत नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने जाऊ नये. पावसाळ्यात घाट पाहायला जावे, पण पाण्यात पाय घालू नये.

रत्नागिरीत पोहोचल्यावर पाहण्याची यादी मोठी आहे: रत्नदुर्ग, टिळकांचे जन्मस्थान, १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथे नजरकैदेत राहिलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा, १९३१ चे पतितपावन मंदिर, आणि २५ किलोमीटरवर गणपतीपुळे, त्याला लागून केशवसुतांचे मालगुंड. दोन मुक्काम पुरतात. त्यातला अर्धा तास मात्र मांडवीच्या वाळूसाठी राखून ठेवावा. रत्नदुर्गाच्या दोन अंगांना दोन किनारे आहेत. एकाची वाळू फिकी, त्याला पांढरा समुद्र म्हणतात, दुसऱ्याची काळपट, तो काळा समुद्र. घरातल्या जुन्या स्पीकरचे लोहचुंबक सोबत न्यावे आणि काळ्या, कोरड्या वाळूवरून फिरवावे. चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटते. ते लोहयुक्त खनिजांचे कण आहेत. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची हजारो वर्षे झीज झाली, ओढ्या-नद्यांनी ती खाली आणली, लाटांनी हलकी वाळू वाहून नेली आणि जड कण मागे ठेवले. तो पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. कळंबच्या ज्या काळ्या रानात आपण सोयाबीन आणि हरभरा घेतो, ते रानही त्याच बेसाल्टच्या झिजेतून आलेले आहे. एका खडकाची झीज, आपल्याकडे माती झाली, तिकडे वाळू.

आणि आता भरती-ओहोटी. हा भाग कळंबच्या माणसाने सगळ्यात नीट वाचावा, कारण नदीच्या पाण्याची सवय इथे उपयोगाची नाही. मांजरेचे पाणी पावसाने चढते, समुद्राचे चंद्राने. साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, त्याला किनाऱ्यावर भांग म्हणतात. मुंबईत पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जाते, म्हणजे दीड मजला.

वेळ काढायचा ढोबळ हिशेब आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येईल तो भरतीचा तास. शुद्ध असो वा वद्य, नियम एकच. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन: दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, सकाळी नऊला आणि रात्री नऊला ओहोटी. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणून भरती सहाला आणि ओहोटी बाराला. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, ओहोटी सहाला. हा हिशेब मुंबई-अलिबागला बराचसा बसतो. दक्षिणेला भरती थोडी आधी येते, म्हणून रत्नागिरीसाठी पाऊण-एक तास वजा करावा. नेमकी वेळ स्थानिक कोळ्याला किंवा मुक्कामाच्या मालकाला विचारावी, पण निघण्यापूर्वी अंदाज बांधायला एवढे पुरते.

यातून एक गोष्ट लगेच दिसते. गणपतीपुळ्याला सगळ्यात मोठी गर्दी चतुर्थीला होते. सकाळी दर्शनाची रांग, मग जेवण, आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास माणसे पाण्याकडे वळतात. हिशेबाने नेमकी तीच त्या दिवशीच्या भरतीची वेळ. हा किनारा मंदिराला लागून आहे, सुंदर आहे आणि पोहण्यासाठी धोक्याचा आहे. भरती ओसरू लागली की पाणी आत खेचते, गुडघाभर पाण्यातल्या माणसाच्या पायाखालची वाळू निघून जाते. विहिरीत पोहायला शिकलेल्या तरुणाला आपल्या दमावर फार भरवसा असतो. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते, हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी दुपारी बुडून मरण पावले. त्या दिवशी पौष वद्य अष्टमी होती. पाऊणपटीच्या नियमाने ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास आणि भरती सहाच्या सुमारास. या हिशेबाने दुपारभर पाणी चढत होते. अष्टमी हा भांगाचा, चढउतार सगळ्यात कमी असण्याचा काळ. तोही सुरक्षित नसतो, हे १४ हा आकडा सांगतो.

कळंब तालुक्यातल्या शाळांच्या सहली दिवाळीनंतर ठरू लागतात, आणि अलीकडे त्यांत कोकण असते. ही फार चांगली गोष्ट आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती. सहलीच्या पत्रकात तारखेशेजारी त्या दिवसाची तिथी छापा आणि तिच्या पाऊणपटीने येणारी (रत्नागिरीकडे पाऊण-एक तास वजा करून) भरतीची व ओहोटीची वेळही छापा. किनाऱ्यावर मुले पाणी पूर्ण उतरण्याच्या आधीच्या तासाभरात चालायला, वाळू पाहायला न्या, आणि पाणी चढू लागले की सगळ्यांना बसमध्ये बसवा. तो कागद बसच्या चालकापासून प्रत्येक शिक्षकापर्यंत सगळ्यांच्या खिशात असू द्या.